बदली डचेस

१ एप्रिल, सोमवार

पिलिंगने फळ्यावर कागद लावलाय — नऊ मेला डचेस ऑफ एल्मरिज आपल्या बारा घरांना भेट देणार! आजची तारीख बघून सगळे म्हणाले, एप्रिल फूल. अ‍ॅम्ब्रोस म्हणाला, "त्या माणसाला थट्टा करता आली असती तर तो ट्रस्टचा क्लार्क कशाला झाला असता?" म्हणजे खरंच असणार.

म्हाताऱ्या राजकन्या वारल्या त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आम्हाला आश्रयदात्याच नव्हत्या. आता ती जागा डचेसनी घेतली. बाकीचे लगेच केक कुणी करायचा यावर भांडायला लागले. मला मात्र त्या बाईंची सही हवी आहे.

इथेच लिहून टाकते, दुसरीकडे कुठे लिहिणार? हॅरिएट टेम्पलरबाईंनी दीडशे वर्षांपूर्वी ही घरं बांधली ती एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी. भाडं नाही, मरेपर्यंत राहा. पण नियम नऊ — इथल्या कुणी लग्न केलं तर त्याने घर सोडायचं. दोघंही इथलेच असतील तर दोघांनीही. आणि नियम बदलायचा तर आश्रयदात्याची सही लागते, दुसऱ्या कुणाची चालत नाही. मी बहात्तरची, आठ नंबरात. अ‍ॅम्ब्रोस शहात्तरचा, सात नंबरात. मध्ये एक भिंत. फेब्रुवारीत त्याने कोबीच्या वाफ्यात गुडघा टेकून मला मागणी घातली, आणि नंतर त्याला उठवायला मलाच हात द्यावा लागला. मी हो म्हटलं. पण हो म्हणून राहायचं कुठे? या वयात स्कार्नबी गावात कोण आम्हाला खोली देणार?

पिलिंगला मार्चमध्येच विचारलं होतं. म्हणाला, "मिसेस ब्लेंकिन, असल्या किरकोळ गोष्टींसाठी राजघराण्याला त्रास द्यायचा नसतो."

किरकोळ!

३ एप्रिल, बुधवार

काउंटीच्या कचेरीतून मिसेस फेअरबर्न आल्या, भेटीची व्यवस्था बघायला. गळ्यात स्टॉपवॉच, बोलणं तोफेसारखं. डचेस सदतीस मिनिटं थांबणार. अडतिसाव्या मिनिटाला गाडी सुटणार, मग कुणी जमिनीवर आडवं का पडेना!

नियम असे. आधी त्या बोलणार, मग आपण. त्यांनी हात पुढे केला तरच हात द्यायचा. बायकांनी गुडघा वाकवायचा, पुरुषांनी मान झुकवायची. पहिल्यांदा "युअर रॉयल हायनेस", पुढे नुसतं "मॅम". विनंत्या, अर्ज, तक्रारी — अजिबात नाही. हे शेवटचं सांगताना पिलिंग माझ्याकडेच बघत होता. मी चहा ढवळत बसले, चहात साखर नसताना.

मग बाई म्हणाल्या, रंगीत तालमी होणार, आणि तालमीला डचेसच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं. गुच्छ किती उंचीवर धरायचा, भेटीच्या पाटीवरच्या पडद्याची दोरी किती खाली सोडायची, हे सगळं उंचीवर ठरतं म्हणे. डचेस पाच फूट एक इंच. सगळ्या बायकांना स्वयंपाकघराच्या दाराला टेकवून मापलं. विनिफ्रेड दोन इंच कमी पडली आणि तिने दाराला दोष दिला. मी बरोब्बर!

काय भाव खाल्ला मी दिवसभर! संध्याकाळी यादी बघितली. रांगेत अकरा नावं. डचेसच्या जागी उभी राहणार म्हणून रांगेत माझी जागाच नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात, चहाच्या बंबापाशी. म्हणजे बाराजणांत डचेसला न भेटणारी एकटी मीच. शाबास हेट्टी!

८ एप्रिल, सोमवार

पहिली तालीम. अंगावर माझा जुना निळा कोट, हातात पर्स. मिसेस फेअरबर्ननी शिट्टी वाजवली की मी हॉलच्या हिरव्या दारातून आत यायचं. अकराजण रांगेत. मी दारात पाय ठेवला आणि सगळे एकदम वाकले. गुडघ्यांचा असा कडकडाट झाला की मिसेस फेअरबर्न दचकल्या.

टॉमी गार्थला विचारलं, "तुम्ही इथे किती वर्षं राहता?" हा प्रश्न यादीत आहे.

टॉमी म्हणाला, "नऊ वर्षं, मॅम, आणि त्यातली चार वर्षं माझा बॉयलर बंद आहे."

मी म्हटलं, "अरेरे! मी लक्ष घालते हं." पिलिंगच्या कपाळावर आठ्या. मला काय, मी डचेस! विनिफ्रेडचा गुडघा मात्र बघण्यासारखा. एक्क्याण्णव वर्षांची बाई, चाळीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसलेली, अशी सरळ खाली गेली आणि सरळ वर आली. मला म्हणते, "पर्स डाव्या हातात धर. उजवा हात मोकळा लागतो. एवढंही कळत नाही?"

रांगेच्या टोकाला पिलिंग. त्यालाही विचारलं, "आणि तुम्ही नक्की काय काम करता?" सांगायला लागला. सांगतोय, सांगतोय... मिसेस फेअरबर्न म्हणाल्या, "मिस्टर पिलिंग, डचेसची गाडी गेली."

अ‍ॅम्ब्रोस एवढा वाकला की पुटपुटला, "हेट्टी, हात दे."

१० एप्रिल, बुधवार

हॉलच्या संडासाला नवी कोरी सीट बसवली, खास डचेससाठी. वर कुलूप. किल्ली पिलिंगच्या खिशात.

१५ एप्रिल, सोमवार

दुसरी तालीम. मी मिसेस फेअरबर्नना म्हटलं, सदतीस मिनिटांत तीन मिनिटं "विश्रांती" लिहिलंय, त्याचीही तालीम नको का? बाईंनी यादी बघितली, म्हणाल्या, बरोबर आहे. पिलिंगला किल्ली द्यावी लागली!

सीट चांगली आहे. जरा गार.

१८ एप्रिल, गुरुवार

अ‍ॅम्ब्रोसची आणि माझी वेगळी तालीम चालू आहे, कोबीच्या वाफ्यात. मला रांग नाही, पण त्याला आहे. तिथे डचेस थांबून एक प्रश्न विचारणारच. उत्तराच्या शेपटाला त्याने एवढंच जोडायचं — "मॅम, नियम नऊ रद्द करायला आपली सही हवी आहे." नऊ शब्द. तीन सेकंदांचं काम.

पण मी पर्स डाव्या हातात घेतली, मान जराशी कलती केली, की याची वाचाच बसते! बावीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी होता. वादळात कप्तानाला शिव्या घालायचा. आणि माझ्यासमोर कोबीकडे बघत, "मॅम... नियम... हवामान बरं आहे."

मी म्हटलं, "अरे, मी आहे, मी!"

"तेच तर," म्हणाला. "तू अशी उभी राहिलीस की मला तुझीच भीती वाटते."

रडावं की हसावं कळेना. हसलो. मग मला रडूही आलं थोडं, खोटं कशाला लिहू? मला हा माणूस हवा आहे. सकाळचा चहा भिंतीवर टकटक करून नाही, समोर बसून प्यायचा आहे. चारचौघांत "मिस्टर रेन, तुम्ही" करायचं आणि वाफ्यात "तू", याचा कंटाळा आलाय मला.

१९ एप्रिल, शुक्रवार

विनिफ्रेडने बघितलं! म्हणजे ऐकलंच. सकाळी दूध घेताना गाठलंन मला.

"मला सगळं कळतं हं, हेट्टी. नियम म्हणजे नियम. राजघराण्यातल्या बाईसमोर भीक मागायची नाही. मी नियम पाळला, तूही पाळ."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुला काय गं पाळायला लागलं? तुला विचारायला कोण आलं होतं?"

तिने दूध घेतलं आणि दार लावून घेतलं. जरा जास्तच बोलले मी. पण सुरुवात तिने केली.

२३ एप्रिल, मंगळवार

चौथी तालीम. आता सगळं घड्याळासारखं. हिरवं दार उघडतं, मी पाय ठेवते, अकराजण वाकतात. कुणी चेहऱ्याकडे बघतसुद्धा नाही, निळा कोट दिसला की गुडघा गेलाच खाली. दुपारी मी भाजी घेऊन येत होते तर टॉमी गार्थने फाटकात टोपी काढली आणि "मॅम" म्हणाला. मग स्वतःच लाजला. म्हणाला, "बॉयलरचं काय झालं?"

मी म्हटलं, "लक्ष घातलंय."

विनिफ्रेड माझ्याशी बोलत नाही. तालमीत तेवढी गुच्छ देते, म्हणजे गुच्छ म्हणून लाटणं देते. सगळ्यांत वयस्क म्हणून खरा गुच्छ तीच देणार. लाटणं हातात जरा जोरातच बसतं.

३० एप्रिल, मंगळवार

रंगारी आले. डचेस चालणार तेवढ्याच बाजूला रंग. एक ते सहा नंबरांची दारं चकचकीत, अ‍ॅम्ब्रोसचं अर्धं. अर्धं! कारण त्या वळणावरून त्या मागे फिरणार. अ‍ॅम्ब्रोस म्हणाला, "रंगाऱ्याला सांगितलं, माझीही एकच बाजू रंगव, त्या दुसरी बाजू बघणार नाहीत."

७ मे, मंगळवार

हिरव्या दाराला तिसरा हात मारला. पिलिंग स्वतः बोट लावून बघतो आणि मग रुमालाला पुसतो. बोटाचा ठसा उमटला म्हणून पुन्हा रंग.

८ मे, बुधवार

शेवटची तालीम, हिरवं दार ओलं म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूने. मग कोबीच्या वाफ्यात अ‍ॅम्ब्रोस पाचही वेळा हवामानावरच गेला. आता काही खरं नाही.

मी मनाशी पक्कं केलंय. बंबापाशी उभी राहीन, चहा देईन, आणि गप्प बसेन. महिनाभर मजा केली ना? पुरे. उद्या संध्याकाळी अ‍ॅम्ब्रोसला सांगणार, असंच चालू दे, भिंतीला टकटक करून. नाहीतरी टकटक करणारं तरी कोण असतं या वयात? लिहिताना सोपं वाटतंय. सांगताना वाटणार नाही.

९ मे, गुरुवार

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच विश्वास ठेवणार नाही.

सकाळपासून पाऊस. पावणेअकराला पोलिसांचा कुत्रा सगळीकडे हुंगून गेला आणि तीनपैकी एक केक खाऊन गेला. तो विनिफ्रेडचा होता. ती म्हणाली, निदान त्याला चव आहे. अकराला गाडी. हॉलमध्ये अकराजण रांगेत, मी बंबापाशी. गारठा होता म्हणून अंगात निळा कोट. तेवढाच एक बरा कोट आहे माझ्याकडे.

हिरव्या दारावर बाहेरून टकटक. मग खडखड. मग धाडधाड. दार उघडेना! तीन हात रंग, ओला असतानाच लावून ठेवलेलं, चिकटलं चौकटीला! बाहेरून पिलिंगचा आवाज, "ढकला! नाही, ओढा!" आतून टॉमी ओढतोय, मूठ त्याच्या हातात आली. डचेस पावसात उभ्या.

मी काय करणार? स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि ओरडले, "अहो, इकडून आणा त्यांना, भिजतील!" आल्या. साधा रेनकोट, केसांतून पाणी गळतंय, नाक लाल. उंची बघितली, बरोब्बर माझ्याएवढी. मी गुडघा वाकवला, पण हातात चहाची किटली होती, ती आधी खाली ठेवली. म्हटलं, "मॅम, जागा अरुंद आहे, सांभाळून, मी पुढे होते."

आणि मी हॉलचं आतलं दार ढकलून पुढे झाले.

निळा कोट दारात दिसला मात्र — अकराच्या अकराजण खाली! कडकडाट! "युअर रॉयल हायनेस!" एका सुरात, तालमीत कधी इतकं छान झालं नव्हतं! विनिफ्रेड एक पाऊल पुढे आली, मान खाली, आणि खरा गुच्छ माझ्या हातात दिला. मिसेस फेअरबर्न बाहेर पिलिंगच्या मागे अडकलेल्या, थांबवायला कुणी नाही. मी तशीच उभी. डाव्या हातात पर्स नव्हती, एवढाच काय तो फरक.

माझ्या मागे कुणीतरी हसलं. आधी दाबून, मग मोकळं. डचेस भिंतीला हात टेकून हसत होत्या. रांगेतल्यांनी माना वर केल्या. विनिफ्रेडचा चेहरा पांढराफटक. टॉमी म्हणाला, "अरे देवा, दोन आहेत!"

मी गुच्छ पुढे केला. "मॅम, हा तुमचा. माफ करा, गेला महिनाभर मी तुमच्या जागी होते."

"मग असू द्या तुमच्याकडेच," डचेस म्हणाल्या. "काम तर तुम्ही केलंत. महिनाभर! मी सदतीस मिनिटांत थकते. आता मला सांगा, इथे नक्की काय विचारायचं असतं? मला दिलेल्या यादीत फक्त 'किती वर्षं राहता' एवढंच आहे."

तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप लागायला हवं होतं. नाही लागलं. म्हटलं, "मॅम, त्या टोकाच्या माणसाला विचारा, त्याला काय हवंय. मात्र तो हवामानाचंच सांगेल, म्हणून मीच सांगते. आम्हाला लग्न करायचंय. लग्न केलं की घर जातं. नियम नऊ. तो तुमच्या सहीशिवाय बदलत नाही, आणि तुम्हाला असल्या किरकोळ गोष्टींसाठी त्रास द्यायचा नसतो."

पिलिंग दारात पोचला होता, हातभर हिरवा रंग. डचेसनी विचारलं, "कोण ते गृहस्थ?" अ‍ॅम्ब्रोसने शाळेतल्यासारखा हात वर केला. आणि म्हणाला — अखेर म्हणाला! — "मी, मॅम. आणि हवामान वाईट आहे."

मग त्या विनिफ्रेडकडे वळल्या. सगळ्यांत जास्त वर्षं राहणारी तीच. "तुमचं काय म्हणणं?"

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, संपलं आता. विनिफ्रेड ताठ उभी राहिली. "मॅम, नियम पाळणाऱ्यांतली मी आहे. मला याच हॉलमध्ये एकाने तीनदा विचारलं होतं. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं, कारण नियम होता. या दोघांना करू द्या. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं."

डचेसनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. सेक्रेटरीला म्हणाल्या, "लिहून घ्या. नियम नऊ. आणि मला हे आधी कुणी का सांगितलं नाही, तेही शोधा." त्याने लिहून घेतलं. मी बघितलं, खरंच लिहिलं. मग चहा झाला. बाई दोन कप प्यायल्या, केकचा मोठा तुकडा खाल्ला, पडद्याची दोरी ओढली आणि छप्पन्न मिनिटं थांबल्या! मिसेस फेअरबर्ननी स्टॉपवॉच पर्समध्ये टाकलं.

कुलूपबंद संडासाकडे कुणी फिरकलंच नाही.

१० मे, शुक्रवार

पिलिंगने बोलावून झाडलं. शिस्तभंग, ट्रस्टची बेअब्रू, वगैरे. मी म्हटलं, "मिस्टर पिलिंग, तुमच्या कानामागे अजून हिरवा रंग आहे."

दुपारी विनिफ्रेडच्या दाराशी गेले. ताटलीत उरलेला केक घेऊन. तीच म्हणाली, "ये आत, उभी काय राहिलीस डचेससारखी?"

त्याचं नाव वॉल्टर. रेल्वेत सिग्नलवर होता, निवृत्त होऊन बंदराजवळ भाड्याच्या खोलीत राहायचा. रविवारी हॉलमध्ये पत्ते खेळायला यायचा. १९९१ साली त्याने विचारलं. तिच्याकडे हे घर सोडून काही नव्हतं, आणि त्याच्याकडे तेही नव्हतं. तिसऱ्यांदा नाही ऐकल्यावर तो लीड्सला बहिणीकडे राहायला गेला. दोन वर्षांनी तिथेच वारला. "खोकला होता त्याला," विनिफ्रेड म्हणाली. "मी असते तर टोपी घालायला लावली असती."

मी तिची माफी मागितली, त्या दुधाच्या दिवसाबद्दल. म्हणाली, "तुला काय माहीत? मी तरी कुणाला सांगितलं होतं?" मग केकची ताटली बाजूला सारली. म्हणाली, "मला एवढंच समाधान आहे, हेट्टी, की दुसरा मार्ग नव्हता. नियमच होता तसा. असता मार्ग आणि मी घाबरून नाही म्हटलं असतं, तर मी एवढी जगलेच नसते."

मी घरी येऊन खूप रडले. अ‍ॅम्ब्रोसने भिंतीवर टकटक केली, मी उलट टकटक केली.

१३ मे, सोमवार

काही नाही.

१७ मे, शुक्रवार

काही नाही. टॉमीचा बॉयलर मात्र दुरुस्त झाला! मला फाटकात परत टोपी काढून दाखवलीन.

२४ मे, शुक्रवार

अ‍ॅम्ब्रोस म्हणतो, वाट कशाला बघायची? त्याच्या पुतण्याची जुनी कॅरव्हॅन आहे, टेकडीवरच्या शेतात. "लग्न करू आणि तिथे राहू." मी जाऊन बघून आले. छत गळतं. पाणी शंभर पावलांवर. त्याची छाती हिवाळ्यात कशी वाजते ते मला भिंतीतून ऐकू येतं. मी म्हटलं, "नाही."

म्हणाला, "म्हणजे मला नाही?"

"कॅरव्हॅनला नाही, वेड्या!" पण त्याचा चेहरा पडला तो पडलाच. विनिफ्रेडने किती वेळा असा चेहरा बघितला असेल? तीनदा.

३१ मे, शुक्रवार

आलं! राजवाड्याचं पत्र, पिलिंगच्या नावाने, जाड पाकिटात. त्याने मला आणि अ‍ॅम्ब्रोसला कचेरीत बोलावलं आणि पहिलं पान वाचून दाखवलं. नियम नऊ आता लागू नाही. लग्न करणाऱ्या रहिवाशांनी घर सोडायचं कारण नाही. डचेसनी शुभेच्छा दिल्यात, आणि खाली हाताने लिहिलंय — "माझ्या बदलीला विचारा, तिला सुट्टी कधी हवी?"

अ‍ॅम्ब्रोस पुन्हा गुडघा टेकायला निघाला, मी दंड धरला. आम्ही दोघं पिलिंगसमोर लहान मुलांसारखे नाचलो, म्हणजे पाय हलवले. लग्न दोन ऑगस्टला, हॉलमध्ये. मधली भिंत फोडून दार करायचं, तेही पिलिंगला तिथल्या तिथे सांगून टाकलं. तो हो म्हणाला! एक शब्दही वाकडा नाही. दुसरं पान घडी घालून खिशात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. आजारी असेल.

विनिफ्रेडला सांगितलं तर म्हणाली, "केक मी करणार. आणि कुत्र्याला बोलवायचं."

४ जून, मंगळवार

पिलिंगने आज कचेरीचं दार लावून घेतलं आणि मला पत्राचं दुसरं पान दाखवलं. नवी सही नाहीच. नियम नऊ १९८७ सालीच रद्द झाला होता. म्हाताऱ्या राजकन्यांनी तेव्हाच सही करून कागद पाठवला होता, राजवाड्यात त्याची नक्कल आहे. त्याच आठवड्यात इथला तेव्हाचा क्लार्क वारला आणि पाकीट न फोडताच फायलीत गेलं. पिलिंगने काल शोधून काढलं. बत्तीस वर्षं बंद होतं. वॉल्टरने विचारलं त्याच्या चार वर्षं आधीचं.

मी म्हटलं, "हे पान कुलपात ठेवा." त्याने काही न विचारता ठेवलं.

दुपारी विनिफ्रेड अंडी फेटत होती. म्हणाली, "हेट्टी, त्या कागदावर सही कधीची आहे गं?"

"गेल्या मंगळवारची," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या वेळी नव्हतीच."